सहा ते सात

कळवण, मळ्यावरून
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

ती. योगिनीताई यांस,
सविताचा नमस्कार.

दिवाळीपासून आपण दोघींनी एकमेकींचे फोन बंद करून ठेवलेत, ते तसेच राहू द्या. आजवर तुमचे भाऊ तोंडी निरोप पोचवायचे. परवा कळलं की मी सांगितलेलं तिखट ते तुमच्याकडे साखर घालून सांगायचे, आणि तुमचं माझ्याकडे. म्हणजे दोन महिने आपण समजत होतो की समोरची नरम पडली. मी जाब विचारला तर म्हणाले, "मी मेथी-कोथिंबीर नेणारा माणूस हाय. सोमवारी न् शुक्रवारी गाडी नाशकाला जाती. काय असंल ते कागदावर लिहा, चिकटवा न् माझ्याकडं द्या. मला वाचायचं बी नाय." म्हणून हा कागद.

आईंचं तिसरं केमो सोमवारी झालं. सलाइन चालू असताना तुम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून बसलात. शेजारच्या खाटेवरची बाई मला हळूच विचारत होती, या अंगात येणाऱ्या आहेत का. मी काय सांगायचं होतं? सासूबाईंची थोरली लेक आहे, शाळेत क्लार्क आहे, आणि हाताने कॅन्सर बरा करते, असं?

आता ऐकते की रोज संध्याकाळी सहा ते सात तुम्ही नाशकातून रेकी पाठवणार आणि आई इकडे दार लोटून पडून राहणार. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, पाऊणशे किलोमीटरवरून हाकणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

हाका, माझं काही जात नाही. पण सहाला मी आईंचा ताप मोजते. डॉक्टरांनी दिलेला कागद कपाटाला चिकटवलाय. केमोनंतर दोन आठवडे अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा आणि शंभराच्या वर गेला तर एक तासही न घालवता दवाखान्यात आणायचं. तुमच्या वेळेमुळे माझी वेळ मोडते. तुमची वेळ बदला.

सविता


नाशिक
१० जानेवारी, दुपार

सौ. सविता हिस,
आशीर्वाद.

शाळेच्या मधल्या सुट्टीत घरी आलेय. दीपक भाजी उतरवून जेवतोय, तेवढ्यात लिहिते.

मी डॉक्टरांना विचारूनच हात ठेवले होते आणि तू तिथेच उभी होतीस. ते म्हणाले, "त्यांना बरं वाटत असेल तर जरूर करा. पण औषध माझं आणि कागदही माझा." मी आजवर आईची एक गोळी चुकवायला सांगितली? एक तारीख पुढे ढकलायला सांगितली? कॅन्सर हाताने बरा होतो असं मी कधी म्हटलं, ते दाखव. तुझ्या मनातलं माझ्या तोंडी घालू नकोस.

पहिल्या केमोनंतर आई तुझ्याकडे होती. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्यानंतर माझ्याकडे होती. मी तासभर हात ठेवले आणि ती घोरायला लागली. तुला तो योगायोग वाटतो, वाटू दे. माझ्या स्वतःच्या ऑपरेशननंतर मला सहा महिने झोप नव्हती, ती मला याच हातांनी परत दिली. त्या दिवसांत तुझा फोन किती वेळा आला होता ते मी मोजून ठेवलेलं नाही, मोजण्यासारखं नव्हतंच.

आई माझ्याकडेच राहिली असती. सून असताना बाई लेकीच्या घरी किती दिवस पडून राहणार, गाव काय म्हणेल, म्हणून तू तिला घेऊन गेलीस. गावाचं तोंड बंद झालं. माझे हात इथे राहिले, म्हणून लांबून पाठवते.

वेळ बदलणार नाही. साडेपाचला शाळेतून येते, आंघोळ करते आणि सहाला बसते. आईलाही तीच वेळ सवयीची झालीय. ताप सातला मोज. तासाभराने थर्मामीटर नासत नाही. का तुला आईचा ताप मोजायचा नसून माझाच मोजायचा आहे?

योगिनी


कळवण
सोमवार, १३ जानेवारी

ती. योगिनीताई यांस,
नमस्कार.

आई सांगत होत्या की तुमच्या रेकीत रोज सकाळी म्हणायचं असतं, फक्त आजचा दिवस मी रागावणार नाही. तुमचं पत्र दुपारी लिहिलेलं होतं, तोवर दिवस संपला असेल.

सातला मी गाई पिळते. साडेसातला डेअरीची गाडी येते, ती कुणाच्या शक्तीसाठी थांबत नाही. मग भाकरी, मग भांडी. तुम्हाला हे माहीत नाही असं नाही, या घरात जन्मलात. पण पंचवीस वर्षं नळाचं पाणी प्यायलं की गोठा आठवत नाही.

तेव्हा आता असं. सहा ते सात ती खोली तुमची. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही, म्हणजे तुमच्या कामात विटाळ नको. सकाळचा ताप मी मोजेन. संध्याकाळचा तुमची शक्ती मोजेल. तिला कळवणपर्यंत येता येतं, तर काचेतला आकडा वाचायला काय जड आहे?

उद्या संक्रांत. डब्यात तिळगूळ ठेवलाय, आईंनी स्वतः बसून वळलाय. गोड बोलायची सक्ती नाही.

सविता


नाशिक
शुक्रवार, १७ जानेवारी

सौ. सविता हिस,
आशीर्वाद.

आज मुद्दाम लांबलचक लिहिते. तू टोमणे मारायचे थांबवून एकदा नीट वाच.

बुधवारी सात वाजून गेल्यावर आईचा फोन आला. आवाज जड होता, पण खूश होती. म्हणाली, "योगे, आज तुझे हात लय गरम लागले गं. कपाळ, मान, पार पाठीपोत्तर. म्या गोधडी फेकून दिली." आजपर्यंत तिला नुसतं शांत वाटायचं, हात लागल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मला रडू आलं. मी तिला म्हटलं, आई, पोचतंय.

काल तर त्याहून जास्त. आधी थंडी वाजून आली म्हणे, दात वाजायला लागले, मग हळूहळू ऊब चढत गेली आणि शेवटी घामाने पोलकं भिजलं. मग तिला हलकं वाटलं. आमच्या रेकीच्या बाई शिकवतात की जिथे गरज असते तिथे अंग शक्ती ओढून घेतं आणि ओढताना तापतं. बाकीच्या बाया वर्षानुवर्षं करतात तरी लांबून इतकं कुणाला जाणवत नाही. बाईंनी काल रात्रीच्या वर्गात सगळ्यांसमोर मला हे सांगायला लावलं.

तू म्हणशील ताप असेल. मीही आईला विचारलं. ती म्हणाली, सविता रोज सकाळी मोजती, अठ्ठ्याण्णवच्या वर नाय. म्हणजे ताप नाही. तुझा थर्मामीटरच माझ्या बाजूने बोलला.

तू त्या वेळात खोलीत येत नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. तुझ्या कपाळाच्या आठ्या दारात असत्या तर तिला हे जाणवलं नसतं. आता तरी मान, सविता. पाया पडू नकोस, नुसतं मान.

योगिनी


कळवण
सोमवार, ३ फेब्रुवारी

योगिनीताई,

आईंना शुक्रवारी घरी आणलं. त्यांना धरून बसवावं लागतं. आठ दिवस आयसीयू, चार दिवस वॉर्ड. रक्तात जंतू पसरले होते, मूत्रपिंडाला धक्का बसलाय. उरलेली केमो आता देता येणार नाहीत, महिन्याने बघू, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याने काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

हे तुम्हाला हॉस्पिटलात कळलंच असतं, पण तुम्हाला तिथून जायला मी सांगितलं. त्याचं मला काही वाटत नाही. १९ तारखेला सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई हाकेला ओ देत नव्हत्या. ताप एकशे तीन. ओठ काळे पडलेले. नाशकात पोचल्यावर डॉक्टरांनी व्हरांड्यात विचारलं, ताप कधीपासून आहे. मी म्हटलं, आजच. तुम्ही मागून म्हणालात, बुधवारपासून असेल. तेव्हा तुमचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मग त्यांनी बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चार दिवस घरी ठेवलंत?" माझ्याकडे बघून, ताई. तुमच्याकडे नाही.

काल रविवारी जयरामकाका आणि भाऊकीतली सगळी कर्ती माणसं ओट्यावर बसली. मी तुमचं १७ तारखेचं पत्र वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पाया पडू नकोस हेसुद्धा. गोधडी, थंडी, घाम. संपल्यावर जयरामकाका म्हणाले, "शिकेल पोर हाय ना ती आपली?" चिमणाबाई चुलतीने तोंडाला पदर लावला.

ठरलं ते असं. तुम्ही मळ्यावर यायचं नाही आणि फोन करायचा नाही. आईंचा फोन मी काढून घेतलाय. तुमचे भाऊ मान खाली घालून बसले होते, पण नाही म्हणाले नाहीत.

आई तुम्हाला विचारतात. मी सांगते, ताईंना शाळेत काम आहे.

सविता


नाशिक
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सविता,

मी चुकले. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे तुला शोधायला नको.

आईला थंडी वाजली, ती तापली, घामाने भिजली, आणि मी ते माझं यश म्हणून मिरवलं. कोणी शेजारीण असं सांगत आली असती तर मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. आईचं होतं, आणि त्यात माझा मोठेपणा होता, म्हणून मला दिसलं नाही. मी रेकीच्या वर्गाला जाणं सोडलंय. बाईंचा फोन आला होता, त्या म्हणाल्या शक्तीवर शंका घेऊ नका. मी म्हटलं, शंका माझ्यावर आहे. सहा वाजले की अजून आपोआप पाय धुते, आणि मग बसायचं कुठे ते सुचत नाही. ओट्यावर तू वाचलंस ते माझंच अक्षर होतं. त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही.

पण आईला भेटू देत नाहीस, याबद्दल लावणार. ती किती दिवसांची आहे हे आपल्या दोघींनाही माहीत नाही. तिला वाटत असेल की मी शाळेच्या कामासाठी तिला टाकलं. हे खोटं तू तिच्या गळी उतरवतेस आणि रात्री निवांत झोपतेस.

आणि एक विचारायचं आहे.

ते पत्र मी १७ तारखेला, शुक्रवारी दुपारी दीपकच्या हातात दिलं. दीपकला मी विचारलं, तो म्हणाला, साडेचारला घरी पोचलो, पत्र डब्याबरोबर लगेच दिलं. आईला तू रविवारी सकाळी हलवलंस. मधे शुक्रवारची अख्खी संध्याकाळ आणि शनिवार आहे. डॉक्टरांचा कागद तुला तोंडपाठ आहे, माझ्यासारखी तू आंधळी नाहीस. थंडी, ताप, घाम एवढं वाचलं असतं तर तू गाई तशाच सोडून शुक्रवारीच गाडी काढायला लावली असतीस. एवढं मी तुला ओळखते, आणि हे मी तुझ्या कौतुकानेच म्हणते, दुर्दैवाने.

मग काय झालं? वाचून गप्प बसलीस, की वाचलंच नाहीस? दोन्हीपैकी एक लिही.

योगिनी


नाशिक
सोमवार, १० फेब्रुवारी

सविता,

आज दीपकने मेथीची जुडी दिली, पत्र दिलं नाही. मेथी निवडून झाली. मी वाट बघते आहे.

योगिनी


कळवण
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

योगिनीताई यांस,

वाचलंच नव्हतं.

पाकीट जाड होतं. मला वाटलं, आलं कीर्तन. हातातलं काम टाकून तुमचं शहाणपण ऐकायचं नव्हतं, म्हणून पिठाच्या डब्याखाली सारून दिलं. शनिवारी पीठ काढताना पुन्हा दिसलं. तेव्हा हात पिठाचे होते, पण ते कारण नाही. हात धुता आले असते. मी मुद्दाम उघडलं नाही. तुमचं पत्र न वाचता पडलंय याचं मला बरं वाटत होतं.

रविवारी आईंच्या फायली गोळा करताना तेही पिशवीत आलं. वणी मागे टाकल्यावर उघडलं. आईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हे गाडी चालवत होते, त्यांचं लक्ष रस्त्यावर. मी वाचलं आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, सापडल्या ताई. आता सगळ्यांना दाखवते. आईंचा ताप माझ्या लुगड्यातून मांडीला लागत होता आणि मला आनंद झाला होता. दिंडोरी येईपर्यंत तो टिकला. मग पाकिटावरची तारीख बघितली आणि शुक्रवारपासूनचे दिवस मोजले.

तरीही मी ओट्यावर वाचलं. पत्र कधी उघडलं ते कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले होते, ते मला कुणाच्या तरी पदरात टाकायचं होतं.

अजून एक. सातला मोज असं तुम्ही लिहिलं होतंत. मला मोजता आलं असतं. गाई पाच मिनिटं थांबल्या असत्या, डेअरीवालाही थांबला असता. मी उंबरा ओलांडला नाही तो तुम्हाला धडा शिकवायला. आईंनी मला थंडीचं सांगितलं नाही, कारण सविताला कळलं तर ती योगीची रेकी बंद करेल, असं त्यांना वाटलं. आणि मी केलीच असती, त्यांचं काही चुकलं नाही. त्या आपल्या दोघींना सांभाळत बसल्या, आणि त्यांना सांभाळायला कोणी नव्हतं.

हे कुणालाही माहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. आता तुमच्या हातात आहे, काय करायचं ते करा.

सविता


नाशिक
१४ फेब्रुवारी, दुपार

सविता,

दीपक खाली गाडीत बसलाय. त्याला मी काही बोललेले नाही.

तुझं पत्र याच पाकिटात परत पाठवते. फोटो काढलेला नाही, नक्कल केलेली नाही. मला वाटलं होतं की हे हातात आलं की मी जयरामकाकांना फोन करेन, चिमणाबाई चुलतीला करेन, एकेकाला बोलावून ऐकवेन. एक तास तसं मनात मांडे खात बसले होते. मग लक्षात आलं की वणीच्या पुढे तू जी बसली होतीस, तशीच मी बसलेय.

माझं पत्र तू माणसं बसवून वाचलंस. तुझं मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तूच वाच. त्याच ओट्यावर, त्याच माणसांसमोर, वणीपासूनचं सगळं. नाही जमलं तर चुलीत घाल, मी पुन्हा विचारणार नाही. पण मग आई गेली तर मला निरोप पाठवू नकोस. मी परक्यासारखी तुझ्या दारात उभी राहणार नाही.

योगिनी


कळवण
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. योगिनीताई यांस,
नमस्कार.

काल वाचलं. सगळी होती. दिंडोरीच्या ओळीला पाणी मागितलं, ते पिऊन पुढचं वाचलं.

जयरामकाका चहा न घेता उठले. चिमणाबाई म्हणाली, "दोघी येकाच माळंचे मणी." तुमचे भाऊ म्हणाले, "न् हे सगळं म्याच वाह्यलं, हप्त्यातून दोनदा." मग मळ्यात निघून गेले. काल रात्री ते माझ्या हातची भाकरी जेवले नाहीत, आज सकाळीही नाही. मी तक्रार करत नाही, कळवते.

आपलं दोघींचं जमेल असं मला वाटत नाही. तुमच्या रेकीवर माझा विश्वास नव्हता, अजून नाही, आणि पुढेही बसायचा नाही. डोळे मिटून बसलेली बाई बघितली की माझं डोकं फिरतं, त्याला माझा इलाज नाही. पण आईंना झोप लागत नाही. मी पाय चेपते, तेल लावते, कुशीवर वळवते. त्या "बरंय गं" म्हणतात आणि छताकडे बघत राहतात. माझे हात त्यांना चालत नाहीत, असं नाही. त्यांना तुमचे हवेत.

शुक्रवारी गाडी परत येताना तिच्यात बसून या. राहायच्या तयारीने या. गावाचं मी बघेन. सहाला मी त्यांचा ताप मोजणार, आकडा तुम्हाला दाखवणार, कागदावर लिहिणार. शंभराच्या आत असला तर तुम्ही हात ठेवा. मी त्याच खोलीत बसणार, उठा म्हणालात तरी उठणार नाही. गाईंसाठी बाई ठेवलीय.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. आई काल मला म्हणाल्या, "योगीचे हात आता पोचत नाय गं. त्या चार रोजांत लागले व्हते तसे नंतर येकदाबी लागले नाय. ती माह्यावर रुसली का?" हॉस्पिटलात काय झालं, कशाने झालं, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी तेच चार दिवस सगळ्यात सुखाचे गेले.

तुम्ही आलात की त्या पहिलं हेच विचारतील. त्यांना काय सांगायचं ते येताना गाडीत ठरवा. मला सुचलेलं नाही.

सविता